घर तिचं, धंदा कुणाचा?

"ताई, कॉटेज म्हंजे काय?"

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका खोलीत आमची बैठक चालली होती. पंधरा-वीस जणी दाटीवाटीने बसलेल्या. प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. बोलणं चालू होतं आणि हातही चालू होते. विडी वळणारी बाई बैठकीलासुद्धा रिकाम्या हाताने येत नाही. तिला ते परवडत नाही. त्या आठवड्यात ठेकेदाराने हजारामागे ठरलेल्या मजुरीतून पैसे कापले होते. छाट म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे दिले नव्हते आणि त्या विड्याही परत केल्या नव्हत्या. दोघी जाब विचारायला गेल्या, तर तो म्हणाला, "ही काय फॅक्टरी आहे? कॉटेज इंडस्ट्री आहे ही. इथं कायदा लागत नाही."

त्या दोघींना 'फॅक्टरी' कळलं, 'इंडस्ट्री' कळलं, 'कायदा' तर चांगलाच कळला. अडलं ते फक्त कॉटेजपाशी. म्हणून हा प्रश्न.

मी शिकलेली, इंग्रजी येणारी. पटकन सांगून टाकलं, "कॉटेज म्हणजे छोटं घर. झोपडी म्हणा."

प्रश्न विचारणाऱ्या अक्कांनी हातातल्या विडीचं तोंड मिटलं, ती सुपात टाकली आणि म्हणाल्या, "झोपडी माझी. मग इंडस्ट्री कुणाची?"

बायका हसल्या. मीही हसले. पण तो प्रश्न घेऊन मी घरी आले आणि तो काही सुटेना. एका परक्या भाषेतला, दिसायला गोजिरवाणा शब्द. तो आमच्या ठेकेदाराच्या तोंडी कसा बसला, आणि त्या एका शब्दाने पंधरा-वीस बायकांची मजुरी कशी गिळली, याचा माग काढायचं ठरवलं. जे सापडलं ते मैत्रिणींपुढे ठेवते आहे.

इंग्लंडात कॉटेज म्हणजे कष्टकऱ्याचं घर. १५८९ साली, पहिल्या एलिझाबेथच्या काळात, तिथे कायदा झाला की चार एकर जमीन जोडून दिल्याशिवाय नवं कॉटेज बांधायचं नाही. म्हणजे निदान कागदावर तरी घर आणि पोटापुरती जमीन या दोन गोष्टी एकत्र होत्या. १७७५ साली तो कायदा रद्द झाला. गावाच्या सामाईक जमिनींना जमीनदार कुंपणं घालत होते, तोच हा काळ. जमीन गेली, उरलं नुसतं छप्पर. बिनजमिनीच्या घरातल्या माणसांनी खायचं काय? अशा घरांच्या दारात व्यापारी उभा होताच. तो लोकर किंवा सूत आणून द्यायचा आणि काम झालं की माल उचलून न्यायचा. मजुरी नगावर किंवा वजनावर. घरातल्या बाईने चरखा चालवायचा, मुलांनी लोकर विंचरायची. माल व्यापाऱ्याचा, बाजार व्यापाऱ्याचा, नफाही त्याचाच. छप्पर, दिवा आणि डोळे मात्र घरच्यांचे. कॉटेज इंडस्ट्री म्हणतात ती ही.

सूत कातणाऱ्या बाईला इंग्रजीत 'स्पिन्स्टर' म्हणत. पुढे त्याच शब्दाचा अर्थ 'लग्न न झालेली बाई' असा झाला आणि त्याला कुत्सित वास आला. म्हणजे बाईच्या कसबाचं नाव होतं, त्याचं बाईच्या लग्नाचं नाव झालं. काम पुसलं गेलं, नवरा नसणं तेवढं उरलं. आपल्याला यात नवं काही वाटू नये. 'काय करता?' या प्रश्नाला आपल्याकडची विडीवाली अजूनही 'काही नाही, घरीच असते' असंच उत्तर देते.

आता याच शब्दाचा दुसरा संसार बघा. गरिबाला जे घर नाइलाजाने मिळतं, ते श्रीमंताला हौसेने हवं असतं. फ्रान्सच्या मेरी आंत्वानेत राणीने १७८३ पासून व्हर्सायच्या राजबागेत खोटं खेडं बांधून घेतलं. बाहेरून शेतकऱ्यांची घरं, आत राणीचा थाट. अमेरिकेत न्यूपोर्टच्या समुद्रकाठी गेल्याच्या गेल्या शतकात कोट्यधीशांनी उन्हाळ्यासाठी वाडे उभे केले आणि त्यांना लाडाने 'कॉटेज' म्हटलं. व्हँडरबिल्ट घराण्याचं 'द ब्रेकर्स' हे १८९५ साली पुरं झालेलं असं 'कॉटेज' सत्तर खोल्यांचं आहे! दूर कशाला जा, महाबळेश्वरला, अलिबागला पाट्या बघा. तिथेही कॉटेज आहे. मी आणि अक्कांनी एकदा हिशेब मांडला. तिथल्या एका रात्रीच्या भाड्यासाठी अक्कांना किती हजार विड्या वळाव्या लागतील? आकडा बघून त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि विषय बदलला.

या शब्दाला एक चांगला अर्थही मिळाला, तोही सांगायला हवा. १८५९ साली इंग्लंडातल्या क्रॅनली गावात एका छोट्या घरात छोटा दवाखाना निघाला आणि 'कॉटेज हॉस्पिटल' ही कल्पना रुजली. आपल्याकडे जव्हारला, सावंतवाडीला कुटीर रुग्णालय आहे, कराडला तर लोक नुसतं 'कॉटेज'च म्हणत आले. 'तिला कॉटेजला नेलं' म्हटलं की बाळंतपणाला किंवा साप चावला म्हणून नेलं, हे ऐकणाऱ्याला कळतं. इथे 'छोटं' म्हणजे 'जवळचं'. छोटेपणाशी माझं भांडण नाही, हे यावरून लक्षात यावं.

आणखी एक अर्थ आपल्या शिबिरांत कुणी सांगत नाही. इंग्लंडात पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष सार्वजनिक मुतारीला चोरट्या बोलीत 'कॉटेज' म्हणत, कारण त्या मुताऱ्या दिसायला छोट्या घरांसारख्या असत. ज्यांना स्वतःच्या घरात एकत्र राहायची चोरी होती, त्यांनी मुतारीला घराचं नाव दिलं. १९६७ साली तिथला कायदा बदलला, तोही 'खासगी जागेत' एवढ्यापुरताच. घराच्या भिंतीआड कायद्याने कधी शिरायचं आणि कधी बाहेर थांबायचं, हे ज्याच्या हाती सत्ता असते तो ठरवतो. माझ्या सगळ्या म्हणण्याचं मूळ इथेच आहे.

आपल्याकडे या शब्दाचं भाषांतर झालं 'कुटीरोद्योग'. मला सांगा, 'माझं कुटीर' असं आपण कधी कुणाच्या तोंडून ऐकलं आहे? आपल्याकडे खोली आहे, खोपटं आहे, झोपडी आहे, चाळ आहे, पाल आहे, सरकारचं घरकुल आहे. कुटी ऋषीची, कुटी बापूंची. कुटीर म्हटलं की डोळ्यांपुढे तुळशीवृंदावन येतं, सारवलेलं अंगण येतं, शांतपणे बसलेली समाधानी बाई येते. ठेकेदार येत नाही. या भाषांतराने इंग्रजी शब्दातला व्यापारीही पुसून टाकला आणि वर पावित्र्याचा टिळा लावला.

कुणी म्हणेल, तुम्ही गांधींवर घसरता आहात. मुळीच नाही. १९२५ साली चरखा संघ निघाला, १९३४ साली ग्रामोद्योग संघ. या कामात लाखो बायकांच्या हातांचा विचार झाला, हे खरं. पण १९३५ साली त्याच गांधींनी आग्रह धरला की कातणाऱ्या बाईला जगण्यापुरती किमान मजुरी मिळालीच पाहिजे. खादी महाग होईल, विकली जाणार नाही, ही धास्ती त्यांच्याच माणसांनी घातली. तरी ते हटले नाहीत. कुटीरोद्योगाचे गोडवे गाणारे आज गांधींचा चरखा घेतात आणि १९३५ चा हा हिशेब सोयीने विसरतात.

आता खोलीत काय चालतं ते पाहू. रात्री पानं भिजत घालायची. पहाटे उठून फर्म्याच्या मापाने कात्रीने कापायची. स्वयंपाक, पाणी, मुलांच्या शाळा उरकत उरकत वळायला बसायचं. पान घे, चिमूट तंबाखू भर, वळ, दोरा गुंडाळ, तोंड मीट. हजार विड्या म्हणजे हीच हालचाल हजार वेळा. पाठ जाते, बोटांची टोकं सोलतात, तंबाखूची धूळ भाकरीत जाते आणि शेजारी निजलेल्या तान्ह्याच्या नाकातही. ठेकेदाराने दिलेली पानं कमी भरली किंवा कुजकी निघाली तर पदरचे पैसे घालून बाजारातून आणायची. जागेचं भाडं कारखानदार देत नाही, दिव्याचं बिल देत नाही, केरसुणीसुद्धा देत नाही. कारखाना बांधायचा त्याचा सगळा खर्च बायकांच्या घरांनी उचलला. गिरण्या एकेक करून बंद पडल्या तेव्हा शहरातल्या कितीतरी चुली या सुपावर पेटत्या राहिल्या. तरीही म्हणायचं काय, तर बाई फावल्या वेळात चार पैसे मिळवते!

'फावला वेळ' आणि 'घरबसल्या' हे दोन शब्द मी आपल्या सगळ्यांच्या बोलण्यातून हद्दपार करावेत असं म्हणते. घरबसल्या! बसलं कोण आहे?

कायद्याला हे ठाऊक नव्हतं का? होतं. १९४८ च्या कारखाने कायद्याने वीज असेल तर दहा आणि नसेल तर वीस कामगारांची अट घातली. मालकांनी माणसं घरोघर वाटून टाकली. त्याच वर्षीच्या किमान वेतन कायद्याने बाहेर बसून काम करणाऱ्यालाही कामगार म्हटलं होतं. १९६६ साली विडी-सिगार कामगारांचा कायदा झाला आणि घरखेपेवर काम करणारी बाई त्यात कामगार म्हणून आली. मालक कोर्टात गेले. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. १९८५ साली त्याच न्यायालयाने सांगितलं की घरी विड्या वळणाऱ्यांनाही भविष्यनिर्वाह निधी लागू आहे. म्हणजे 'कॉटेजला कायदा लागत नाही' हे ठेकेदाराचं म्हणणं साफ खोटं होतं. पण ते खोटं कुठून उगवलं तेही बघा. १९६६ च्या त्याच कायद्यात ४३ वं कलम होतं. स्वतःच्या राहत्या घरात, घरच्यांच्या मदतीने, कुणाची नोकर नसताना विड्या करणाऱ्याला हा कायदा लागू नाही, असं ते सांगत होतं. मालकांना एवढी फट पुरली. बाईने आमच्याकडून पानं-तंबाखू विकत घेतली आणि तयार विड्या आम्हाला विकल्या, असे कागद रंगले. मजुरी नाहीच, सगळी खरेदी-विक्री! अंगठा उठवला आणि कामगार बाई एका दिवसात 'उद्योजिका' झाली.

मुलांचंही तेच. १९८६ च्या बालमजुरीच्या कायद्याने विडीकाम मुलांसाठी धोक्याचं ठरवलं, पण घरच्यांच्या मदतीने घरमालकच चालवत असेल त्या जागेला सूट दिली. आईच्या शेजारी बसून दोरा गुंडाळणारी आठ वर्षांची पोर कायद्याला दिसायची नाही. मध्ये कॉटेजची भिंत.

मैत्रिणींनो, ही भिंत आपल्या ओळखीची आहे. नवरा मारतो म्हणून बाई चौकीत जायची तेव्हा फौजदार काय म्हणायचा? 'घरातली बाब आहे, घरात मिटवा.' आपण रस्त्यावर उतरलो. १९८३ साली ४९८-अ कलम आलं, २००५ साली कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आला. घरात झालेली मारहाण ही मारहाणच असते, हे आपण सरकारकडून वदवून घेतलं. मग घरात झालेली मजुरी ही मजुरीच असते, हे वदवून घ्यायला आपण इतक्या कचरतो का? 'घरातली बाब' म्हणणारा फौजदार आणि 'कॉटेज इंडस्ट्री' म्हणणारा ठेकेदार एकाच भिंतीला टेकून उभे आहेत.

मारिया मीस यांचं आंध्रातल्या नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांवरचं पुस्तक १९८२ साली आलं. तिथल्या बायका घरात बसून परदेशी बाजारासाठी लेस विणत. व्यापारी पुरुष निर्यातदार झाले आणि विणणाऱ्या बायका 'गृहिणी'च राहिल्या. बाईला गृहिणी म्हटलं की तिचं काम स्वस्तात पडतं, हे मीस यांनी दाखवून दिलं. याला आपण गृहिणीकरण म्हणू. विडी, लेस, उदबत्ती, कपड्यांची बटणं, राख्या. माल बदलतो, युक्ती तीच.

आक्षेप येतील, ते मला ठाऊक आहेत. पहिला, 'बायकांनाच घरी काम हवं असतं.' हो, हवं असतं. पाळणाघर नाही, सासरी परवानगी नाही, रात्री रस्त्यावर दिवे नाहीत. दारं बंद करून घेतल्यावर 'तिला घरातच आवडतं' म्हणण्यात काय अर्थ? आणि समजा खरोखरच आवडत असेल, तर आवडीचं काम फुकटात करावं असा नियम फक्त बायकांनाच का? २०२० साली टाळेबंदी लागली आणि शिकलेले पुरुष घरी बसून काम करू लागले. त्याला कुणी कुटीरोद्योग म्हटलं नाही. 'वर्क फ्रॉम होम' म्हटलं. पगार चालू राहिला, कित्येकांना इंटरनेटचा खर्चही मिळाला. त्याच दिवसांत पूर्व भागातली पानं-तंबाखू बंद झाली आणि बायकांच्या हाती एक पैसा आला नाही. दोघंही घरीच. एकाच्या पाठीशी मालक होता. दुसरीच्या मालकाने तोंड लपवलं.

दुसरा आक्षेप, 'लिज्जतचं काय?' १९५९ साली गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू केलेलं ते काम आहे. तिथेही बाई पीठ घेऊन घरी जाते आणि घरीच लाटते. पण ती संस्थेची सभासद आहे, नफ्यात तिचा वाटा आहे. नावातही गृहउद्योगच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. घर तिचं आणि धंदाही तिचा असेल तर खुशाल गृहउद्योग म्हणा. अक्कांनी विचारलेला प्रश्न हीच याची कसोटी आहे.

तिसरा, 'विडी वाईट, ती बंदच व्हायला हवी.' वाईट आहे, हे वळणारीला सगळ्यांच्या आधी कळतं. तिच्याच छातीत धूळ जाते. पण बंद करणारा कारखानदार तिला भरपाई देईल का? जिला कामगार म्हणून मोजलंच नाही तिचं पुनर्वसन कोण करणार? २०१७ साली जीएसटी आला आणि विडी कामगारांच्या कल्याण निधीला पैसा पुरवणारा उपकर रद्द झाला. धूर राहिला, निधीचा झरा आटला.

आता थोडं आपल्याविषयी, आणि हे लिहिताना माझी मान खाली आहे. आपली महिला मंडळं, आपले बचत गट काय करतात? शहरातल्या एखाद्या दुकानदाराकडून काम आणतात आणि नगावर वाटतात. दर दुकानदार ठरवतो. वाटणारी ताई आपलीच असते, म्हणून कुणी भांडत नाही. अहवालात आपण लिहितो, 'इतक्या महिलांना स्वयंरोजगार.' मीसुद्धा असे अहवाल लिहिले आहेत. आपण त्या बाईच्या तासांचा हिशेब कधी मांडला? मांडला असता तर 'स्वयं' हा शब्द लिहिताना पेन अडखळलं असतं.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, विचारायची सवय. कच्चा माल कुणाचा, दर कोण ठरवतो, नापास कोण करतो, विकतो कोण? या चारांचं उत्तर 'दुसरा' असं आलं की ती कामगार आहे आणि तो दुसरा मालक आहे. दुसरी गोष्ट, कागद. हजेरीपुस्तक, मजुरीची नोंद, ओळखपत्र तिच्या स्वतःच्या नावाचं. नवऱ्याच्या किंवा सासूच्या नव्हे. तिसरी गोष्ट, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली घरी काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार मंजूर केला. घरच्या कामगाराला इतर कामगारांसारखं वागवावं, एवढंच तो म्हणतो. तो घडवून आणण्यात इला भट यांच्या 'सेवा'चा मोठा वाटा होता. भारताने आजवर त्याला मान्यता दिलेली नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'घरी काम करणारा कामगार' याची व्याख्या आली. त्यात तो 'मालकासाठी' काम करतो असंही म्हटलं आहे. पण त्याला बसवलं असंघटितांच्या ओळीत. १९६६ चा विडी कामगारांचा कायदा दुसऱ्या संहितेत विरघळून गेला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या संहिता लागू झाल्या आहेत. १९७४ आणि १९८५ साली कोर्टात जिंकलेलं यात बुडू द्यायचं नसेल, तर नियम आणि योजना यांवर गटागटांनी आत्ताच डोळा ठेवायला हवा.

सोलापुरात 'विडी घरकुल' नावाची वस्तीच आहे. पुढे कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत झाली. २००६ साली पंतप्रधानांच्या हस्ते ती घरं दिली गेली. बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढून मिळवलेली ती घरं आहेत. त्यांना मी कॉटेज म्हणणार नाही.

परवा अक्का भेटल्या. मी म्हटलं, "तुमच्या प्रश्नावर लिहितेय." त्या म्हणाल्या, "लिहा की. पण कापलेले पैसे अजून दिले नाहीत त्याने, तेबी लिहा."

लिहिलं आहे.